ट्रेलरचे दिवे मंद, पण मीटरवर १२ व्होल्ट: दोष शोधायचा कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: पिकअपला चार वायरींचा ट्रेलर जोडला आहे. पार्किंग लाइट बंद असताना ब्रेक दाबला तर ट्रेलरचे दिवे लागतात, पण मंद. पार्किंग लावली की टेल लाइट दिसतात, तेही फिकेच. आणि त्यात ब्रेक दाबला की ट्रेलर मागून चक्क काळोखा होतो. इंडिकेटर दिला की टेल लाइटच विझतो-लागतो. पिकअपचे स्वतःचे दिवे ठणठणीत. मीटरने सॉकेटच्या पिनांवर १२ व्होल्ट मिळतात. बल्ब बदलले, प्लग बदलला, फरक शून्य. आता सगळी वायरिंग उपसून नवी ओढायची का?

नका ओढू. निदान तपासणी झाल्याशिवाय तरी नाही. वर्णन इतकं नेमकं आहे की ट्रेलर न बघता सांगता येतं: त्याचं अर्थिंग, म्हणजे करंट परत जायची वाट, गेलंय. वायर पूर्ण तुटली असेल किंवा गंजून नावापुरती उरली असेल. मीटर १२ व्होल्ट दाखवतोय तेही खोटं नाही. फक्त तुम्ही त्याला जे विचारलंत त्याचा या दोषाशी संबंध नाही.

ट्रेलरच्या मागच्या दिव्यात बहुधा दोन फिलामेंटचा एकच बल्ब असतो. २१ वॉटचं फिलामेंट ब्रेक आणि इंडिकेटरसाठी, ५ वॉटचं टेल लाइटसाठी. दोघांना करंट येतो तो वेगवेगळ्या वायरींनी, पण परत जायची वाट एकच: बल्बचं पितळी बूड, होल्डर, दिव्याचा बोल्ट, चॅसिस, तिथून अर्थची पांढरी वायर आणि प्लगमधून गाडीकडे. ही वाट बंद झाली की करंट मिळेल त्या दुसऱ्या वाटेने निघतो. ब्रेक दाबल्यावर २१ वॉटच्या फिलामेंटमधून आलेला करंट बुडाशी अडतो, ५ वॉटच्या फिलामेंटमध्ये उलटा शिरतो, टेल लाइटच्या वायरीने मागे पिकअपकडे जातो आणि पिकअपच्या टेल लाइटच्या बल्बांतून अर्थ गाठतो. म्हणजे ब्रेक दाबल्यावर तुम्हाला जो मंद उजेड दिसतो तो ब्रेकचा नाहीच. काच काढून बल्बमध्ये डोकावून बघा, बारीक फिलामेंट लालसर पेटलेलं असेल आणि जाड फिलामेंट गार.

आता पार्किंग लावा. टेल लाइटची वायर स्वतःच १२ व्होल्टवर गेली, त्यामुळे तिकडून परत जायची सोय संपली. टेल लाइटचा करंट आता ब्रेकच्या फिलामेंटमधून उलटा पिकअपच्या ब्रेक बल्बकडे जातो, म्हणून टेल लाइट फिका का होईना लागतो. याच अवस्थेत ब्रेक दाबला की दोन्ही वायरींवर १२ व्होल्ट. ज्याच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब आहे त्या फिलामेंटमधून करंट वाहणार कसा? म्हणून काळोख. उजवा इंडिकेटर दिला की हेच त्याच्या तालात घडतं, इंडिकेटर पेटायच्या वेळी टेल लाइट विझतो, म्हणून तो उलट्या तालात लुकलुकताना दिसतो. पार्किंग आणि ब्रेक एकत्र लावल्यावर ट्रेलर काळोखा होणं, ही अर्थ गेल्याची खूण ओळखायला मला मीटरसुद्धा लागत नाही.

काही पिकअपमध्ये ट्रेलरच्या दिव्यांना वेगळे रिले किंवा वेगळं मॉड्यूल असतं. तिथे पिकअपच्या बल्बांमधून उलटं जायची वाट मिळत नाही आणि अर्थ गेला की ट्रेलरचे दिवे बहुधा सरळ बंदच राहतात. तुमची लक्षणं बघता तुमच्या गाडीत ती वाट उघडी दिसते.

मग मीटर १२ व्होल्ट का दाखवतो? दोन कारणं आहेत. पहिलं, तुम्ही काळी पिन बहुतेक पिकअपच्या बॉडीला किंवा बंपरच्या बोल्टला लावली असणार. तसं केलं की ट्रेलरच्या परतीच्या वाटेची तपासणी होतच नाही. फक्त जाणारा करंट सॉकेटपर्यंत पोचतो एवढं कळतं. दुसरं कारण जास्त फसवं आहे. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम असतो, म्हणजे तो वायरीतून जवळजवळ काहीच ओढत नाही. सगळे पदर गंजून एकच तार उरलेली असली तरी मीटरला ती पुरते आणि आकडा पूर्ण दिसतो. २१ वॉटचा बल्ब मात्र पावणेदोन अँपिअर मागतो. पेटलेल्या बल्बचा रोध साधारण ७ ओहम. वाटेत एखाद्या गंजलेल्या जॉइंटने ५ ओहमचा अडथळा केला असेल तर मीटरला त्याचा पत्ताही लागत नाही, पण बल्बच्या वाट्याला जेमतेम ६-७ व्होल्ट येतात. म्हणून ट्रेलरच्या वायरिंगवर बल्ब पेटलेला नसताना घेतलेल्या रीडिंगला मी किंमत देत नाही.

एक तपासणी-बल्ब घरीच बनवा. २१ वॉटचा एक फिलामेंटचा बल्ब, त्याचा होल्डर, हातभर लांबीच्या दोन वायरी आणि टोकांना क्रोकोडाइल क्लिप. स्क्रूड्रायव्हरसारखे टोकदार टेस्टर मिळतात त्यांचा बल्ब फार लहान असतो, तो कमी करंटवरही पेटतो आणि खराब जॉइंट ‘पास’ करून टाकतो. शिवाय त्या टोकाने इन्सुलेशनला भोक पडतं, भोकातून पाणी शिरतं आणि काही महिन्यांनी नेमकी तिथेच वायर काळी पडते. नवीन गाड्यांत मॉड्यूल असतात, त्यामुळे बल्ब लावायला लोक घाबरतात. ट्रेलरच्या सॉकेटवर घाबरायचं कारण नाही. ट्रेलरचा दिवा जेवढा करंट घेतो तेवढाच हा घेणार आणि त्या पिना त्यासाठीच आहेत. डॅशबोर्डखालच्या बाकी वायरींना मात्र हा बल्ब लावू नका.

पहिलं काम गाडी आणि ट्रेलर यांचा हिशेब वेगळा करायचा. प्लग काढा. पिकअपच्या सॉकेटवर बल्बची एक क्लिप अर्थच्या पिनला लावा (बॉडीला नाही, पिनलाच) आणि दुसरी एकेका पिनला. कोणाला तरी आत बसवा, ब्रेक, डावा, उजवा, पार्किंग एकेक करायला सांगा. पेटलेल्या बल्बवरच मीटर धरा. बॅटरीवर १२.५ असेल तर इथे १२ च्या आसपास दिसलं की गाडी निर्दोष. बल्ब मंद असेल तर अर्थची क्लिप पिनवरून काढून चॅसिसच्या स्वच्छ, घासलेल्या लोखंडावर लावा. लगेच लख्ख झाला तर सॉकेटपासून पिकअपच्या चॅसिसपर्यंतची अर्थची वायर खराब. ही वायर बहुतेक गाड्यांत मागच्या बंपरजवळ एका बोल्टला आवळलेली असते आणि चिखल-पाणी थेट तिच्यावर उडतं. तिकडे बघितल्याशिवाय ट्रेलरखाली शिरू नका. तुमच्या बाबतीत पिकअपची बाजू ठीक निघेल असं मला वाटतं, पण खात्री करायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

सॉकेटवर एखादी पिन पूर्ण मेलेली असेल आणि पिकअपचा तोच दिवा चालू असेल तर फ्यूज बघा. बऱ्याच पिकअपमध्ये ट्रेलरच्या पार्किंगचा, डाव्या आणि उजव्या बाजूचा फ्यूज गाडीच्या दिव्यांपासून वेगळा असतो, सहसा बॉनेटखालच्या पेटीत. गाडीचे दिवे लागतात म्हणजे फ्यूज ठीक, हा हिशेब ट्रेलरला लागू पडत नाही.

आता ट्रेलर. त्यासाठी एक सुटी १२ व्होल्टची बॅटरी घ्या आणि तिच्या धन टोकालगत १० अँपिअरचा फ्यूज बसवा. फ्यूज विसरू नका, शॉर्ट असेल तर वायर हातात वितळते. ऋण टोक ट्रेलरच्या प्लगच्या अर्थ पिनला लावा, धन टोक एकेका पिनला. पिकअपच्याच बॅटरीवरून वायर ओढून ही तपासणी करू नका, निदान ट्रेलर बॉलवर (गाडीमागच्या लोखंडी गोळ्यावर) चढवलेला असताना तरी नाही. कारण बॉल आणि त्यावर बसणारं ट्रेलरचं तोंड, म्हणजे कपलर, यांच्या लोखंडातूनही अर्थ मिळतो. तो भरवशाचा नसतो. ग्रीस, रंग आणि गंज यांच्या मधून कसाबसा जातो आणि खड्ड्यागणिक येतो-जातो. उभ्या गाडीत सगळे दिवे लागतात आणि रस्त्यावर लुकलुकतात, अशी तक्रार आली की मी आधी हेच तपासतो: चाकांना अडसर लावून, पुढचा जॅक खाली घेऊन कपलर बॉलवरून उचलायचा, प्लग मात्र जोडलेलाच ठेवायचा. त्या क्षणी दिवे गेले तर पांढरी वायर आधीच मेलेली होती आणि ट्रेलर आजवर बॉलच्या भरवशावर चालत होता.

सुट्या बॅटरीवरही दिवे मंदच लागले की दोष ट्रेलरमध्ये नक्की झाला. आता तो नेमका कुठे आहे हे शोधायची एक सुरेख पद्धत आहे आणि तिच्यासाठीच मीटर विकत घ्यावा असं मी म्हणेन. मागचा ब्रेकचा दिवा बॅटरीने पेटता ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर, काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकावर कायम. लाल पिन बल्बच्या पितळी बुडावर टेका. अर्थिंग धड असेल तर इथे ०.१, फार तर ०.२ व्होल्ट दिसायला हवेत. समजा ४.३ दिसले. म्हणजे बॅटरीच्या १२ पैकी ४.३ व्होल्ट परतीच्या वाटेत कुठेतरी अडकून पडलेत. आता लाल पिन घेऊन त्या वाटेने पुढे चालत जा. होल्डरच्या पत्र्यावर ४.३. दिव्याच्या बोल्टवर ४.२. चॅसिसवर रंग खरवडून टेकवली तरी ४.२. पुढे दांडीजवळ जिथे पांढऱ्या वायरीची लग (टोकाची पत्र्याची कडी) चॅसिसला आवळलेली आहे तिथल्या बोल्टच्या डोक्यावर ४.१. आणि लगच्या पत्र्यावर ०.२. सापडला! आकडा जिथे धाडकन पडतो त्या दोन टोकांच्या मध्ये दोष असतो. इथे बोल्ट आणि लग यांच्यामधला गंज. लगवरही ४.१ असते आणि पुढे प्लगच्या पिनवर ०.१ आले असते तर वायर आतून खाल्लेली आहे असं समजायचं.

दोन्ही बाजूंचे दिवे मंद असतील तर दोष दोघांच्या सामाईक वाटेवर, म्हणजे दांडीजवळ किंवा प्लगमध्ये. एकाच बाजूचा दिवा मंद असेल तर त्या दिव्याचा बोल्ट किंवा होल्डर. तुमचे दोन्ही मंद आहेत, म्हणून मी दांडीपासून सुरुवात करेन. नवा प्लग बसवताना जुन्या वायरीचं टोक किती कापलंत? गंज इन्सुलेशनच्या आत, तारांच्या पदरांमधून हातभर आत चढलेला असतो. बाहेरून वायर नव्यासारखी दिसते, सोलली की आत तांबं काळं नाहीतर हिरवट पूड. तशा वायरीला नवा प्लग लावला तर दोष जागच्या जागी राहतो. तांबं लालसर चकचकीत दिसेपर्यंत मागे कापत जा. वायर बोटांवर वाकवून बघा, जिथे ती दोरीसारखी लुळी लागते किंवा आत कर्रकन वाजते तिथे तारा तुटल्यात.

दुरुस्ती करताना बोल्ट नुसता आवळून भागत नाही. खोला, लगची दोन्ही तोंडं आणि चॅसिसवरची जागा पॉलिश पेपरने उघड्या लोखंडापर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा आणि मग वरून ग्रीस किंवा रंग द्या. आधी ग्रीस लावून वर लग बसवू नका. पत्र्यात स्वतःच आटे पाडत जाणारे स्क्रू वापरून अर्थ दिलेला दिसला तर तो काढून टाका आणि आरपार बोल्ट-नट बसवा. तो स्क्रू गंजायला एक पावसाळा पुरतो. त्याहून चांगला उपाय म्हणजे चॅसिसवर विसंबायचंच नाही: प्रत्येक दिव्याच्या होल्डरपासून थेट प्लगपर्यंत अर्थची वेगळी वायर. चॅसिसला दहा ठिकाणी वेल्डिंग, रंग आणि बोल्ट असतात, घडीच्या किंवा कलणाऱ्या ट्रेलरमध्ये बिजागऱ्याही. त्यातून अर्थ नेणं म्हणजे प्रत्येक सांध्यावर नवा दोष पेरणं.

अर्थची वायर बाकीच्यांपेक्षा जाड हवी. सगळ्या दिव्यांचा करंट एकट्या तिलाच परत न्यायचा असतो. ट्रेलरला विजेवर चालणारे ब्रेक असतील तर आणखी मोठी गोष्ट: एकेक ब्रेक मॅग्नेट साधारण ३ अँपिअर घेतो, दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरवर चार मॅग्नेट म्हणजे १२ अँपिअर, तेही त्याच पांढऱ्या वायरीतून. अशा ट्रेलरवर खराब अर्थिंगने नुसते दिवे मंद होत नाहीत, ब्रेकही ढिले पडतात, आणि लोक ब्रेक कंट्रोलर बदलत बसतात.

तुमचं काम बहुधा इथेच होईल. पण शीर्षक वाचून बाकी तक्रारींवालेही येतील, म्हणून त्यांच्यासाठी थोडं.

पार्किंग लावली की फ्यूज उडतो, ही दुसरी नेहमीची तक्रार. यात शॉर्ट जवळजवळ नेहमी टेल लाइटच्या वायरीवर निघतो, कारण तीच सगळ्यात लांब फिरते: दोन्ही बाजूंचे मागचे दिवे, नंबर प्लेटचा दिवा, कडेचे लहान दिवे, सगळे तिच्यावर. नवेनवे फ्यूज जाळण्यात अर्थ नाही आणि मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालण्यात तर शहाणपणा अजिबात नाही. ट्रेलरच्या टेल लाइटचे सगळे बल्ब काढून घ्या. फ्यूजच्या जागी तोच २१ वॉटचा तपासणी-बल्ब जोडा. शॉर्ट असेल तर तो लख्ख पेटेल, पण करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाणार नाही, त्यामुळे वायर सुरक्षित राहते. आता बल्बवर डोळा ठेवून हार्नेस (वायरींची जुडी) एका टोकापासून हलवत चला. ज्या जागी हात लागला की बल्ब विझतो, तिथे वायर लोखंडाला लागलीये. चॅसिसच्या भोकाची धारदार कड, स्प्रिंगच्या पाट्यांजवळ जिथे अ‍ॅक्सल वर-खाली होतो ती जागा, आणि नंबर प्लेटच्या दिव्याचा स्क्रू जो कोणीतरी नेमका वायरीतून आरपार मारलाय, या तीन जागा आधी बघा.

इथे मीटरवाले एक चूक हटकून करतात. बल्ब होल्डरमध्येच ठेवून वायर आणि अर्थ यांच्यातला रोध मोजतात, अर्ध्या-पाऊण ओहमचं रीडिंग येतं, मीटर टूं करतो आणि शॉर्ट मिळाला म्हणून आनंद होतो. तो शॉर्ट नाही, गार फिलामेंट आहे. २१ वॉटच्या बल्बचा रोध गार असताना पेटलेल्यापेक्षा दहा पटींनी वगैरे कमी असतो. बल्ब काढूनच मोजा.

डावा इंडिकेटर दिला आणि उजवा लागला, किंवा पार्किंग लावली आणि उजवा इंडिकेटर कायमचा पेटला, तर कोणीतरी रंगाला रंग जोडलाय. अमेरिकी पद्धतीच्या चार पिनांच्या चपट्या प्लगमध्ये पांढरी अर्थ, तपकिरी टेल लाइट, पिवळी डावी बाजू, हिरवी उजवी. पण तिकडच्याच मोठ्या सात पिनांच्या प्लगवर दुसरी पद्धतही चालते, तिच्यात हिरवी टेल लाइट, लाल डावी आणि तपकिरी उजवी. म्हणजे तपकिरी वायर एकीकडे टेल लाइट आणि दुसरीकडे उजवा इंडिकेटर! युरोपीय सात पिनांच्या गोल सॉकेटचा, म्हणजे आयएसओ १७२४ चा हिशेब तिसराच: पिवळी डावा इंडिकेटर, हिरवी उजवा, लाल ब्रेक, काळी डावा टेल लाइट, तपकिरी उजवा टेल लाइट, निळी मागचा फॉग लाइट. पांढरी अर्थ तेवढी तिन्हींत सारखी. शिवाय आधीच्या माणसाने हाताला लागली ती वायर वापरलेली असू शकतेच. त्यामुळे तपासणी-बल्ब लावून प्रत्येक वायर काय काम करते ते ठरवा आणि कामाला काम जोडा.

याच्याच पोटात आणखी एक घोळ आहे. काही गाड्यांत ब्रेक आणि इंडिकेटर एकाच लाल बल्बवर चालतात, काहींत इंडिकेटर वेगळा, पिवळा. चार वायरींच्या ट्रेलरला पहिली पद्धत लागते. गाडी दुसऱ्या पद्धतीची असेल तर मध्ये कन्व्हर्टरची डबी हवी, नुसत्या वायरी एकत्र पिळून चालत नाही. तसं केलं तर एका बाजूचा इंडिकेटर दिल्यावर ब्रेकच्या वायरीतून सगळ्याच दिव्यांना करंट जातो. डबी आधीच बसवलेली असेल आणि ट्रेलरचे सगळे दिवे एकदम गेले असतील तर तिला बॅटरीवरून येणारी थेट वायर आणि त्या वायरीवरचा छोटा फ्यूज बघा. तो बहुधा बॅटरीजवळ लटकत असतो आणि कोणाच्या लक्षात राहत नाही. डबीच्या आत येणाऱ्या वायरींवर करंट आहे, बाहेर जाणाऱ्यांवर नाही आणि तिचं स्वतःचं अर्थिंग ठीक आहे, असं दिसलं तरच डबी मेली म्हणायचं.

एलईडी दिव्यांबद्दल दोन शब्द. अर्थ गेल्याची वर सांगितलेली उलट्या करंटची गंमत एलईडीत दिसत नाही, कारण त्यातून करंट उलटा वाहत नाही. दिवा नुसता बंद होतो किंवा भलत्याच वेळी मंद चमकतो. दुसरं, एलईडी इतका कमी करंट घेतो की खराब जॉइंटवरही तो छान लागतो. ट्रेलरला एलईडी लावल्यावर दोष गेला, असं सांगणारे भेटतात. दोष गेलेला नसतो, तो दिसायचा बंद झालेला असतो. तिसरं, नव्या पिकअपचं मॉड्यूल ट्रेलर जोडलाय की नाही हे करंटवरून ओळखत असेल तर एलईडी ट्रेलर त्याला दिसतच नाही, नाहीतर बल्ब गेलाय समजून इंडिकेटर घाईघाईने लुकलुकतो. त्यावर लोड रेझिस्टर (बल्बइतका करंट ओढणारा रोध) लावतात. लावा, पण तो प्लास्टिकला किंवा वायरीच्या जुडीला चिकटवू नका. ६ ओहमचा रेझिस्टर इंजिन चालू असताना ३० वॉटच्या वर उष्णता टाकतो. उघड्या लोखंडावर आवळून बसवा. गाडीच्या मॉड्यूलमधून दिव्यांना तुकड्यातुकड्याने करंट येत असेल तर साधा मीटर ७-८ व्होल्टसारखे विचित्र आकडे दाखवतो. तेव्हा मीटरपेक्षा बल्बवर विश्वास ठेवा.

आता तुमचा मूळ प्रश्न, नवी वायरिंग ओढायची का. वायर दोन-तीन ठिकाणी सोलून बघा. प्रत्येक ठिकाणी तांबं काळं असेल, किंवा हार्नेसवर दर हातभर अंतरावर जॉइंट आणि टेप असेल, किंवा वायर दाबून आत पातं घुसवणारे ते क्लिपवाले कनेक्टर जागोजागी दिसत असतील, तर ओढा. एकेक शोधत बसण्यापेक्षा स्वस्त पडेल. त्या क्लिप मला कुठेच आवडत नाहीत आणि ट्रेलरवर तर नाहीच. पातं काही तारा कापतं आणि उरलेल्यांना पाणी पाजतं.

नवी ओढताना दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटर आणि अर्थला २.५ चौरस मिलिमीटरची वायर पुरते, ब्रेक मॅग्नेट असतील तर ब्रेकची आणि अर्थची आणखी जाड. कथिल चढवलेली तांब्याची वायर मिळाली तर घ्या, विशेषतः ट्रेलर पाण्यात उतरत असेल तर. (तशा ट्रेलरचा प्लग पाण्यात शिरण्याआधी काढायचा. गरम बल्बवर गार पाणी आलं की काच तडकते.) जॉइंट कमीत कमी, आणि जे असतील ते क्रिम्प करून वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह. नुसती काळी टेप उन्हाने सैल होते आणि आत पाणी धरून ठेवते. चॅसिसच्या प्रत्येक भोकात रबरी ग्रॉमेट घाला. दांडीपासून प्लगपर्यंतच्या वायरीला इतकी ढील ठेवा की गाडी पूर्ण वळवल्यावर ती ताणली जाणार नाही, आणि इतकी नको की सरळ चालताना रस्त्याला घासेल. हे बांधण्याआधी गाडी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पूर्ण वळवून बघा आणि मगच लांबी ठरवा.